प्रोबेटची सक्ती गेली, नॉमिनी आहे, इच्छापत्रही आहे. मग फ्लॅट नावावर व्हायला आता नक्की काय लागतं?

शेवंती
डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने भारतीय उत्तराधिकार कायद्यातलं कलम २१३ काढून टाकलं. तोवर मुंबईत हिंदू, बौद्ध, शीख, जैन आणि पारशी माणसाच्या इच्छापत्रावर कोर्टात हक्क सांगायचा तर प्रोबेट (इच्छापत्र खरं असल्याचं कोर्टाचं प्रमाणपत्र) लागायचंच. सक्ती गेल्यापासून दोन टोकं दिसताहेत. काही सोसायट्या "इच्छापत्राची झेरॉक्स द्या, पुढच्या मीटिंगमध्ये शेअर सर्टिफिकेटवर नाव चढवू" म्हणतात, तर काही कमिट्या अजूनही प्रोबेटशिवाय अर्ज हातात घेत नाहीत. दोन्हीकडे वारसांचंच नुकसान आहे.

बोलायला एक उदाहरण घेऊ. दादरचा स्वकष्टार्जित फ्लॅट, एकट्याच्या नावावर. सभासद वारले. मागे पत्नी, मुलगा, अमेरिकेत असलेली विवाहित मुलगी आणि सभासदाची आई. सोसायटीत नॉमिनी मुलगा. इच्छापत्र साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्या, नोंदणी नाही, "सर्व काही पत्नीला". आता कोणी, कुठे, काय द्यायचं? जाणकारांनी कृपया तपशीलवार लिहावं.

दस्तवाचक
आधी सक्ती कुठे होती ते बघू, कारण तिथेच गोंधळ आहे. कलम २१३ संपूर्ण महाराष्ट्राला कधीच नव्हतं. इच्छापत्र मुंबई हायकोर्टाच्या मूळ दिवाणी अधिकारक्षेत्रात (म्हणजे बृहन्मुंबईत) केलेलं असेल किंवा स्थावर मिळकत त्या क्षेत्रात असेल, तरच ते लागू व्हायचं. मुलुंडच्या फ्लॅटला प्रोबेट, टोलनाक्यापलीकडच्या ठाण्यातल्या फ्लॅटला नाही. पुणे, नाशिक, नवी मुंबईतल्या मिळकतीला नाही, पण इच्छापत्र मुंबईत बसून केलेलं असेल तर मात्र लागायचं. मुसलमानांना ते कधीच नव्हतं, आणि भारतीय ख्रिश्चनांना २००२ पासून सूट होती.

आता सक्ती गेली म्हणजे इच्छापत्र सिद्ध करावं लागत नाही असं नाही. कलम ६३ जागेवरच आहे. करणाऱ्याची सही आणि किमान दोन साक्षीदार हवेत, आणि प्रत्येक साक्षीदाराने करणाऱ्याला सही करताना पाहिलेलं असावं किंवा ही आपलीच सही आहे असं त्याच्या तोंडून ऐकलेलं असावं. वाद झाला तर साक्षीदार हयात असेपर्यंत निदान एकाला कोर्टात उभं करावंच लागतं.

एक काम आजच करा. दोन्ही साक्षीदारांची प्रतिज्ञापत्रं करून ठेवा : कोणत्या तारखेला, कोणाच्या घरी सह्या झाल्या, खोलीत कोण होतं, करणाऱ्याने स्वतः वाचलं की त्यांना वाचून दाखवलं. जोडीला साक्षीदारांच्या ओळखपत्रांच्या प्रती. वाद झालाच तर कोर्टात साक्ष तोंडीच लागेल, पण सगळं आठवत असताना लिहिलेला हा कागद तेव्हा फार उपयोगी पडतो. साक्षीदार बहुतेक वेळा करणाऱ्याच्याच वयाचे असतात.

पार्ल्याचा_सचिव
सोसायटीच्या बाजूने लिहितो. २०१९ च्या दुरुस्तीने महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण आलं. त्यातलं कलम १५४ब-१३ प्रत्येक सचिवाच्या टेबलावर असायला हवं. सभासद वारल्यावर हस्तांतरण कशाच्या आधारे करायचं ते त्यात आहे : इच्छापत्र, उत्तराधिकार प्रमाणपत्र, वारस दाखला किंवा वारसांनी मिळून केलेला कौटुंबिक व्यवस्थेचा दस्त. नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घ्यायचं, आणि तेही खरे वारस किंवा इच्छापत्रातला लाभार्थी सभासद होईपर्यंतच.

म्हणजे "प्रोबेट आणाच" असा आग्रह या कलमाच्या शब्दांत बसत नाही. आणि नुसत्या झेरॉक्सवर नाव चढवणं हेही बेजबाबदारपणाचं आहे.

कमिटीने मागायचे कागद : मृत्यू दाखला, मूळ शेअर सर्टिफिकेट, सभासदत्वाचा अर्ज, इच्छापत्राची साक्षांकित प्रत (मूळ दाखवून परत घ्यायचं, सोसायटीत ठेवायचं नाही), सगळ्या वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र, उरलेल्या वारसांची ना-हरकत आणि हमीपत्र. प्रवेश फी १०० रुपये, हस्तांतरण फी ५०० रुपये. वारस किंवा नॉमिनीकडून प्रीमियम घेता येत नाही. २५ हजारांचा आकडा विक्रीच्या हस्तांतरणाची कमाल मर्यादा आहे. तो वारसांना लावतात तेव्हा उपविधी ३८ उघडून समोर ठेवा. अर्ज नाकारला तर कारणासकट लेखी मागा, कारण सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे दाद मागायला तोच कागद लागतो.

निळकंठ_क
इतकं किचकट का करता? २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने इंद्राणी वाही प्रकरणात सांगितलंय की सोसायटीने नॉमिनीच्याच नावावर करायचं. मुलगा नॉमिनी आहे, फ्लॅट मुलाचा. विषय संपला.

दस्तवाचक
निळकंठदादा, तो निकाल पश्चिम बंगालच्या सहकार कायद्यावरचा आहे. सोसायटीला नॉमिनेशन बांधील आहे असं तो सांगतो खरा, पण मालकी हक्काचा वाद दुसऱ्या वारसांनी योग्य ठिकाणी लढवावा, हेही त्याच निकालात मोकळं ठेवलंय. विम्याच्या बाबतीत डिसेंबर १९८३ च्या सरबती देवी निकालापासून आणि शेअर्सच्या बाबतीत डिसेंबर २०२३ च्या शक्ती येझदानी निकालापर्यंत कोर्टाचं म्हणणं एकच आहे : नॉमिनी वारसांच्या वतीने सांभाळतो, तो मालक होत नाही. महाराष्ट्रात तर १५४ब-१३ मध्ये "तात्पुरता सभासद" हे शब्दच आहेत.

घराच्या किल्ल्या शेजाऱ्याकडे ठेवल्या म्हणून घर शेजाऱ्याचं होत नाही, तसंच हे.

निळकंठ_क
किल्ल्यांचं उदाहरण पटलं. बंगालचा कायदा होता हे लक्षात आलं नव्हतं, माझं विधान मागे घेतो.

कमळण
शेवंतीताईंच्या उदाहरणात सगळ्यात मोठी गोष्ट अजून कोणी बोललं नाही. आई.

हिंदू उत्तराधिकार कायद्यात मृत पुरुषाची आई पहिल्या वर्गाची वारस आहे. वडील दुसऱ्या वर्गात येतात, आई पहिल्यात. वारसांच्या यादीत पत्नी आणि मुलं लिहून आजीला वगळायचं, ही चूक इतकी सर्रास होते की जुन्या शेअर सर्टिफिकेटमागच्या नोंदी बघताना आधी तेवढंच तपासावं.

इच्छापत्र टिकलं नाही असं धरून आकडे मांडते. पत्नी, मुलगा, मुलगी, आई : प्रत्येकी एक चतुर्थांश. कागद कोणी केले नाहीत आणि दोन वर्षांनी आजीही गेल्या, इच्छापत्र न करता. आजोबा आधीच गेलेले. आता आजींचा चतुर्थांश कलम १५ प्रमाणे त्यांच्या मुलांकडे जातो. समजा त्यांना तीन अपत्यं : हा मृत मुलगा, दुसरा मुलगा, एक मुलगी. तीन भाग होतात. मृत मुलाचा भाग त्याच्या दोन मुलांना मिळतो, सुनेला त्यातलं काही नाही. चोविसांशात सांगायचं तर :

पत्नी ६, मुलगा ७, मुलगी ७, काका २, आत्या २.

दादरच्या फ्लॅटचे वारस आता चार नाहीत, पाच आहेत, आणि त्यातले दोघं वेगळ्या घरचे. पुढे काका गेले तर त्यांचे दोन चोविसांश त्यांच्या बायकामुलांकडे. विक्रीच्या वेळी खरेदीदाराचा वकील शोध घेतो आणि या सगळ्यांच्या सह्या मागतो. म्हणून आजी हयात आणि स्वस्थ असतानाच कागद पूर्ण करायचे.

इच्छापत्र खरं ठरलं तर मात्र आईला वारस म्हणून काही येत नाही, कारण स्वकष्टार्जित मिळकत पूर्णपणे देता येते. तिची ना-हरकत नेमकी त्याचसाठी हवी.

शेवंती
कमळणताई, हे चोविसांश वहीत उतरवून घेतले. आजींचा विचार मीही धाग्यात फक्त यादीपुरताच केला होता.

सातबारा_बारा
गावच्या जमिनीचंही असंच. वारस नोंद तीन महिन्यांत कळवायची असते, पण प्रत्यक्षात दोन-दोन पिढ्या नोंदी होत नाहीत. म्हणून तर एप्रिल-मे २०२५ मध्ये राज्यभर "जिवंत सातबारा" मोहीम घ्यावी लागली, मयत खातेदारांची नावं काढून वारस लावायला. ज्यांचं तेव्हा राहून गेलं त्यांना रस्ता बंद नाही : ई-हक्क प्रणालीवर वारस नोंदीचा अर्ज, मृत्यू दाखला, वारसांची नावं-पत्ते-नाती असलेलं प्रतिज्ञापत्र. ग्राम महसूल अधिकारी (म्हणजे आपले तलाठीच) नोंद धरतात, नोटीस निघते, हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात.

फेरफार महसुली नोंद आहे, मालकीचा निकाल नाही. मुलींची नावं वगळून झालेला फेरफार मुलींचा हक्क संपवत नाही. सुप्रीम कोर्टाच्या ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालानंतर तर वडील ९ सप्टेंबर २००५ ला (मुलींना समान हक्क देणारी दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी) हयात होते की नाही हाही प्रश्न उरला नाही. वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी जन्मानेच सहहिस्सेदार. फक्त २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या आणि विक्री उकरता येत नाहीत.

आणि जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खालच्या शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फी राज्याने मे २०२५ मध्ये माफ केलीय. तोंडी वाटणीवर चाललेल्या घरांनी हे करून घ्यावं.

ओवी_अटलांटा
परदेशातल्या मुलीच्या सहीबद्दल. ना-हरकत असो वा हक्कसोड, ती येऊ शकत नसेल तर कुलमुखत्यारपत्र करावं लागतं. भारतीय वकिलातीत साक्षांकित करा, किंवा स्थानिक नोटरी आणि त्यावर अपोस्टील (कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून तिथल्या सरकारचं प्रमाणन). कागद महाराष्ट्रात पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरावं लागतं, नाहीतर दंड. पाकीट कोणत्या तारखेला आलं त्याचा पुरावा म्हणून कुरिअरची पावती कागदालाच टाचून ठेवा.

मसुद्यात "माझ्या वतीने सर्व व्यवहार" असं मोघम लिहू नये. फ्लॅट क्रमांक, इमारत, शेअर सर्टिफिकेटचा क्रमांक, आणि नेमका अधिकार कशाचा ते लिहावं : कोणाच्या लाभात हक्कसोड, दुय्यम निबंधकांसमोर कबुली देणे. पासपोर्टवरचं नाव आणि सोसायटीच्या कागदांतलं माहेरचं नाव वेगळं असतं, म्हणून दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं वाक्य त्यातच घाला.

रघू_डोंबिवली
मग सरळ हक्कसोडपत्रच का करू नये? ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर नोटरी केली की झालं ना?

दस्तवाचक
रघू, नाही. दोन वेगळ्या चुका एका वाक्यात आहेत.

पहिली : स्थावरातल्या हक्काची हक्कसोड नोंदणीकृतच लागते. नोटरीचा शिक्का मारलेलं हक्कसोडपत्र सोसायटीच्या फाइलमध्ये वर्षानुवर्षं पडून असतं, आणि विक्रीच्या दिवशी बँकेचा वकील ते बाजूला ठेवतो. स्टॅम्पचा आकडा बरोबर आहे : ऑक्टोबर २०२४ पासून नात्यातल्या सवलतीच्या हक्कसोडीला २०० ऐवजी ५०० लागतात. पण पैसे घेऊन केलेल्या हक्कसोडीला हीच सवलत मिळेल असं धरून चालू नका. आधी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयाला (शुल्क किती ते ठरवून घ्यायला) टाका.

दुसरी : इच्छापत्र मान्य असेल तर मिळकत इच्छापत्रानेच पत्नीकडे गेली. मग मुलांकडे आणि आईकडे सोडायला हक्कच उरत नाही. इच्छापत्रही दाखवायचं आणि हक्कसोडही करायची, म्हणजे दोन कागद एकमेकांना खोटं पाडतात. एक वाट धरा. इच्छापत्राची वाट धरली तर वारसांनी "इच्छापत्र खरं आहे, आम्हाला मान्य आहे, मिळकतीवर आमचा दावा नाही" असा पुष्टीचा दस्त करावा. इच्छापत्र कमजोर वाटत असेल (साक्षीदार सापडत नाहीत, पानावर सही नाही, खाडाखोड आहे) तर विनाइच्छापत्र वारस म्हणून हक्कसोड करावी.

वारसांत अज्ञान (१८ वर्षांखालचं) मूल असेल तर दोन्ही वाटा अडतात. पालकाने मुलाच्या वतीने स्थावरातला हक्क सोडायचा तर जिल्हा न्यायालयाची परवानगी लागते. आईने मुलाच्या वतीने आईच्याच लाभात केलेली हक्कसोड हे तर उघड दुखणं आहे.

कमळण
आणि हयातीतच बक्षीसपत्राने देण्याचा विचार असेल तर : राहत्या घराचं बक्षीस पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा मृत मुलाची पत्नी यांना दिलं तर स्टॅम्प २०० रुपये, पण महापालिका हद्दीत बाजारमूल्याच्या १ टक्का अधिभार वेगळा. भाऊ-बहीण या यादीत नाहीत, त्यांना ३ टक्के आणि वर अधिभार.

आईवडिलांनी घर देताना दस्तात सांभाळाची अट लिहूनच घ्यावी. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली दस्त रद्द करायचा तर ती अट आधार असते. जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने अशा प्रकरणात हायकोर्टाचा निकाल फिरवून आईला मिळकतीचा ताबा परत देण्याचा आदेश दिला. "मुलगा बघेलच" हा विश्वास मनात असू द्या, अट कागदावर असू द्या.

मांडवी
गोव्यातली मिळकत असेल तर हे सगळं बाजूला ठेवा. इथे २०१२ चा वेगळा उत्तराधिकार कायदा आहे, डिसेंबर २०१६ पासून लागू. सामाईक मालमत्ता पद्धतीत निम्मी आधीच जोडीदाराची. आणि मुलं किंवा आईवडील हयात असतील तर स्वतःच्या वाट्यापैकी निम्म्याचीच इच्छापत्राने वाटेल तशी विल्हेवाट लावता येते, उरलेली सक्तीच्या वारसांची. "सर्व काही पत्नीला" हे वाक्य इथे पूर्ण चालणार नाही. वारस ठरवायला विशेष नोटरीपुढे उत्तराधिकाराचा दस्त, आणि वाटणीला कोर्टात इन्व्हेंटरी प्रोसिडिंग.

रघू_डोंबिवली
अवांतर विचारतो : बँकेतल्या ठेवी आणि नोकरीतल्या पैशांचं काय? त्यातही बदल झालेत म्हणे.

खातेवही
झालेत, आणि घरच्यांना आधी तेच पैसे लागतात.

बँक : १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवींना चार नॉमिनी लावता येतात, एक तर टक्केवारीने (बेरीज १०० हवी) किंवा एकामागून एक. लॉकरला फक्त एकामागून एक. नॉमिनी असेल तर बँकेने वारस दाखला मागू नये. नॉमिनी नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२५ च्या निर्देशांप्रमाणे १५ लाखांपर्यंत (सहकारी बँकेत ५ लाख) सोपी पद्धत : अर्ज, मृत्यू दाखला, हमीपत्र, इतर वारसांची ना-हरकत. सगळे कागद मिळाल्यापासून १५ दिवसांत निकाली काढायचं. म्हणून कागद दिल्याची पोच तारखेसकट घ्या, दिवस तिथून मोजले जातात.

नोकरी : २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. "दोन कामाच्या दिवसांत हिशेब" हे सगळ्यांच्या तोंडी आहे, पण ते राजीनामा, काढून टाकणं, कपात आणि आस्थापना बंद पडणं यांना लागू आहे. मृत्यूनंतरच्या पगाराला वेगळी तरतूद आहे : रक्कम नॉमिनीला, आणि नॉमिनी नसल्याने किंवा सापडत नसल्याने देता आली नाही तर तीन महिन्यांनी अधिकाऱ्याकडे जमा. ग्रॅच्युइटीला मृत्यूच्या बाबतीत पाच वर्षांची अट नाही, ती पूर्वीही नव्हती. ठरावीक मुदतीच्या कंत्राटावरच्यांना आता एका वर्षानंतर मिळते.

भविष्य निर्वाह निधीत लग्नाआधी केलेलं नॉमिनेशन लग्नानंतर बाद होतं. नवीन लग्न झालेल्यांनी ई-नॉमिनेशन उघडून बघा, तिथे अजून वडिलांचंच नाव असेल.

निळकंठ_क
मूळ प्रश्नाकडे. सक्ती नसताना प्रोबेट घ्यायचंच नाही का मग?

दस्तवाचक
घेता येतं, दार बंद नाही. एखादा वारस सही करत नाही, इच्छापत्रात एका मुलाला पूर्ण वगळलंय, करणाऱ्याचं शेवटचं वर्ष दवाखान्यात गेलंय, तिथे प्रोबेट घ्यावंच. प्रोबेट सगळ्या जगाविरुद्ध चालतं. दिवाणी दाव्यातला निकाल त्या दाव्यातल्या पक्षकारांपुरताच. फक्त प्रोबेट इच्छापत्र खरं असल्याचं सांगतं, फ्लॅट करणाऱ्याचा होता की नव्हता हे ठरवत नाही.

इच्छापत्रच नसेल तर "सक्सेशन सर्टिफिकेट (उत्तराधिकार प्रमाणपत्र) आणा" हा सल्लाही, १५४ब-१३ च्या यादीत त्याचं नाव असलं तरी, फ्लॅटला चुकीचा. ते ठेवी, शेअर्स अशा येणी आणि रोख्यांसाठी. स्थावराला आपल्याकडे १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन आठखाली वारस दाखला मिळतो.

पार्ल्याचा_सचिव
तर शेवंतीताई, तुमच्या उदाहरणात हरकत कोणाची नसेल तर क्रम असा लावा. मुलाने नॉमिनी म्हणून सहा महिन्यांत अर्ज द्यावा, तात्पुरता सभासद व्हावं. देखभाल बिलं, पत्रव्यवहार अडत नाही. दरम्यान साक्षीदारांची प्रतिज्ञापत्रं आणि मुलीचं अटलांटाहून नाहीतर जिथून असेल तिथून कुलमुखत्यारपत्र. मग मुलगा, मुलगी, आजी तिघांचा पुष्टीचा दस्त, शक्यतो नोंदणीकृत. आजींना दुय्यम निबंधक कार्यालयात नेणं जमत नसेल तर घरी येऊन नोंदणीची सोय आहे, फी जास्त लागते. मग पत्नीचा सभासदत्वाचा अर्ज, कमिटीचा ठराव, शेअर सर्टिफिकेटच्या मागे नोंद. ठरावात "इच्छापत्र दिनांक अमुक आणि पुष्टीदस्त क्रमांक तमुक यांच्या आधारे" हे शब्द हवेत. नुसतं "नाव बदलले" लिहू नये.

शेवंती
एकच राहिलं. इच्छापत्राची नोंदणी आता, मृत्यूनंतर, करता येते का?

दस्तवाचक
येते. इच्छापत्रात नेमलेला व्यवस्थापक (एक्झिक्युटर) किंवा लाभार्थी मूळ इच्छापत्र दुय्यम निबंधकांपुढे हजर करू शकतो, त्याला मुदत नाही. ते साक्षीदारांना बोलावून चौकशी करतात, खात्री पटली तर नोंदतात. इच्छापत्राला स्टॅम्प लागत नाही. साक्षीदार दोघंही हिंडतेफिरते असतील तर पुष्टीदस्ताच्याच दिवशी हेही उरकून घ्या, एकाच खेपेत.

पार्ल्याचा_सचिव
आणि पत्नी सभासद झाल्या की त्याच आठवड्यात त्यांचा स्वतःचा नॉमिनेशन अर्ज, तीन प्रतींत. एका प्रतीवर सोसायटीची पोच घेऊन ती शेअर सर्टिफिकेटच्या पाकिटातच ठेवा.